गवत हललं होतं

पमा, तुझ्या घरात लावलेला फोटो मला आवडलेला नाही. तुझ्या महेशने तो आपल्या नवेगावच्या सहलीतल्या ग्रुप फोटोतून काढून घेतलाय. तळ्याच्या काठावर आपण सगळे उभे होतो, तू मधोमध, आणि तुझ्या खांद्यावर माझा हात होता. फोटोवाल्याने हात पुसला, तळं पुसलं, पलीकडचं गवत पुसलं आणि तुझ्या मागे एक निळा पडदा सोडला. तुझ्या गळ्यातली माझी दुर्बीण मात्र त्याला काढता आली नाही. त्यामुळे हारामधून तिचा पट्टा दिसतो आणि समाचाराला येणारी माणसं हळूच विचारतात, यांना पक्ष्यांचा नाद होता का? नव्हता. पक्ष्यांचा नाद मला. तू माझ्यासोबत उभी राहायचीस, इतकंच.

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. लिहून काढ म्हणजे बरं वाटेल, असं मला दोघातिघांनी सांगितलं. मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि दहाव्याच्या दिवशी बाणगंगेवर जे झालं ते तुला सांगायला हवं, कारण तिथे तू नव्हतीस. होतीस, असं तू म्हणशील. तोही वाद राहू दे.

आपली ओळख शिवडीची. बंदराजवळच्या त्या वाहतूक कंपनीत तू टेलिफोन बोर्डवर बसायचीस आणि मी साहेबांचं डिक्टेशन शॉर्टहँडमध्ये घ्यायची. मी गिरगावातली, पिढ्यानपिढ्या मुंबईत कारकुनी केलेल्या घरातली. तू लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. पहिल्याच आठवड्यात तू मला विचारलंस, "तुमचं गाव कुठलं?"

मी म्हटलं, "गिरगाव."

"तसं नाही ओ. गाव. मे महिन्यात जातात ते."

आम्हाला तसं गाव नाही, असं मी सांगितल्यावर तू कानावरचा हेडफोन काढून ठेवलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या डब्यात माझा वाटा येऊ लागला. गाव नसलेल्या बाईला उपाशी ठेवायचं नाही असं तू ठरवलं असावंस.

आपल्या खिडकीतून खाडीचा चिखल दिसायचा. तिथे रोहित पक्षी उतरायचे आणि मी जेवणाच्या सुट्टीत वडिलांची जुनी दुर्बीण लावून बसायची. "विजू, तुझे पाहुणे इले गो!" असं तू भर ऑफिसात ओरडायचीस. तुझ्या लेखी त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. "कालचेच ना हे? मग आज पुन्हा काय बघायचं?" असं विचारायचीस, आणि डबा घेऊन सुट्टी संपेपर्यंत खिडकीशी उभी राहायचीस. पुढे आपण दोघी निवृत्त झालो, खिडकी गेली, दुर्बीण राहिली.

आता सहल. तुमच्या चाळीतली माणसं दरवर्षी मिळून कुठे तरी जातात आणि मी चाळीतली नसूनही तू मला नेत आलीस. गणपतीपुळे झालं, अष्टविनायक झाले, अक्कलकोट झालं. देवळं संपत आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, यंदा वाघ बघू. टूरवाल्याने विदर्भातलं नवेगावबांध सुचवलं. जंगल आहे, मोठं तळं आहे, गर्दी कमी. तू फोनवर म्हणालीस, "नवेगाव. बघ, तुला गाव नव्हतं, आता नवं मिळालं." मला तळ्यावरच्या हिवाळी बदकांशी मतलब होता. तुला वाघच हवा होता आणि त्यासाठी तू नवे बूट घेतले होतेस.

त्या दिवसाची पहाट मला नीट आठवते, कारण इतकी थंडी आपल्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती. तळमजल्यावरचे राणे भाऊजी माकडटोपी आणि वर टॉवेल गुंडाळून जिप्सीत बसले होते. तीन जिप्सी, चाळीचा सगळा गोतावळा. गाइडने सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं की आत बोलायचं नाही. लालबागच्या माणसांना बोलू नका म्हणणं हे मला त्याचं धाडस वाटलं. तरी सगळ्यांनी मनापासून प्रयत्न केला. सगळे कुजबुजत बोलले, पण बोलले.

चितळ दिसले, गवा दिसला, झाडावर ओरखडे दिसले. रस्त्याच्या धुळीत गाइडने पावलांचे ठसे दाखवले आणि म्हणाला, "ताजे आहेत." राणे भाऊजी वाकून बघत म्हणाले, "ताजे हत तर मग गेलो खंय?" गाइडला भाषा कळली नसावी, पण प्रश्न कळला. त्याने खांदे उडवले. वाघ काही आला नाही.

दुपारी विश्रामगृहाच्या अंगणात खिचडी होती. चाळीतल्या बायकांनी पिशव्यांमधून सुकटीची किसमूर काढली आणि तो वास थेट झाडीपर्यंत गेला असणार. टूरवाला हवालदिल झाला. तू त्याला म्हणालीस, "तुमच्या खिचडीच्या वासाला वाघ येणार होता काय? ह्याच्या वासाला तरी येईल." त्यानेही नंतर दोनदा मागून घेतली.

जेवणानंतर सगळे बांधावरून फिरायला निघाले. तुझा गुडघा दुखत होता म्हणून आपण मागे राहिलो आणि मला तेच हवं होतं. ऊन चांगलं होतं, पाणी शांत होतं. मी तुला चक्रवाक दाखवले, थापट्या बदक दाखवलं, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी दाखवला. तू दुर्बीण उलटी धरून म्हणालीस, "केवढेसे दिसतात गो." मी सरळ करून दिली. मग पाण्यातल्या वाळक्या झाडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा तुला सापडला. तो पंख वाळवतोय असं मी सांगितलं.

"कावळाच ना हा?"

"नुसतं नाव. कावळ्याशी संबंध नाही."

"म्हणजे पिंडाला चालायचा नाही," तू म्हणालीस. "माझ्या पिंडाला साधा कावळासुद्धा लवकर शिवायचा नाय, बघशील. ताटकळत ठेवीन सगळ्यांना."

मी तुला म्हटलं की कावळा गर्दीला बुजतो, त्यात मेलेल्या माणसाच्या हट्टाचा काही संबंध नसतो. लोक पिंडाभोवती कोंडाळं करून उभे राहतात आणि मग आत्म्याला दोष देतात. तू दुर्बीण माझ्या हातात दिलीस. "तुला ना विजू, सगळं माहीत असतं. पण दिसत काय नाय." आपली भांडणं अशीच सुरू व्हायची. आवाज न चढवता, चालता चालता.

मग बांधावरच्या दगडावर टेकून तू मला गाऱ्हाण्याचं सांगितलंस. तुमच्याकडे काहीही करायचं झालं की घरातला वडीलधारा पुरुष देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुझे सासरे त्यात वाकबगार. गणपती घरात आला की गाऱ्हाणं, महेशची परीक्षा असली की गाऱ्हाणं, नवा मिक्सर आणला तेव्हासुद्धा गाऱ्हाणं. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायचीस. सासरे गेले, तुझ्या नवऱ्याने शिकायच्या आधीच जगाचा निरोप घेतला, महेशला यातलं ओ की ठो येत नाही. गणपतीत तुम्ही तळमजल्यावरून राणे भाऊजींना बोलावता आणि ते दरवर्षी मध्येच अडखळतात.

"मला सगळं पाठ आहे," तू म्हणालीस. "चालीसकट."

"मग तू घाल."

"बाईने घालायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं कोणी?" तू बुटाच्या टोकाने खडा पाण्यात ढकललास. "घातलं आणि वर ऐकूच नाही गेलं तर? सगळं घर बघत असणार ना."

देवाला बाईचा आवाज ऐकू जातो की नाही, हा प्रश्न मला पडण्यासारखा नव्हता. देव आहे असंच मला कधी वाटलेलं नाही, हे तुला ठाऊक होतं आणि त्याचं तुला माझ्या गाव नसण्याइतकंच वाईट वाटायचं. तेवढ्यात टूरवाल्याने फोटोसाठी हाका मारल्या. तू जाता जाता दुर्बीण पुन्हा गळ्यात घातलीस. तोच हा फोटो.

संध्याकाळच्या फेरीत गाइडने तिन्ही जिप्सी तळ्याच्या एका कोपऱ्यात शेजारी शेजारी उभ्या केल्या. समोर पाणी, पलीकडे उंच पिवळं गवत, काठाला चितळांचा कळप. इथे तो पाण्यावर येतो, गाइड पुटपुटला. आपण वाट बघितली. ऊन उतरत चाललं तरी वाट बघितली. मी दुर्बीण तुझ्याकडून घेतली होती आणि बदकांत सुखी होते. बाकीच्यांचा धीर सुटत चालला होता. गेट बंद व्हायची वेळ आली तेव्हा राणे भाऊजी हळूच म्हणाले, "एक गाऱ्हाणा घालून बघूया?"

गाइडने ओठांवर बोट ठेवलं. राणे भाऊजींनी मान डोलावली, उठून उभे राहिले, हात जोडले आणि अगदी दबक्या आवाजात सुरू केलं. दुसऱ्या वाक्यालाच अडले. तू मागच्या सीटवरून पुढचे शब्द सांगितलेस. ते बोलले आणि परत अडले. मग मागे वळून म्हणाले, "वहिनी, तूच घाल गो. वाघ काय चाळीतलो न्हय. तेका काय कळता कोण घालता ता."

तू लगेच उठली नाहीस. मी दुर्बिणीतून बघत होते, पण तू माझा दंड धरलास तो मला कळला. मग उभी राहिलीस.

"बा देवा म्हाराजा, ह्या रानाच्या नि ह्या तळ्याच्या राखणदारा..."

व्हय म्हाराजा, सगळे कुजबुजले.

"आज ही तुझी लेकरां लांबसून, लालबागसून, तुझ्या दारात इलीहत..."

व्हय म्हाराजा.

"सकाळपासना फिरान फिरान दमली, पण तुझो वाघ काय त्येंका दिसलो नाय..."

व्हय म्हाराजा! हे जरा मोठ्याने आलं. शेजारच्या जिप्सीतूनही आलं. गाइड हाताने खाली खाली करू लागला.

"तर काय चुकला माकला आसात तर पदरात घे, नि तुझ्या वाघाक येकदा तरी ह्येंच्या नजरेसमोर घेवन ये रे म्हाराजा!"

आयुष्यभर ज्या वाक्याला छाती फुगवून उत्तर द्यायची सवय, त्या वाक्याला कोण कुजबुजेल? तिन्ही गाड्यांतून एका दमात गर्जना झाली. गणपतीत तुमच्या चाळीच्या चौकात होते तशीच, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. तळ्यावरची सगळी बदकं एकदम उडाली. चितळ उधळले. वानरं ओरडत सुटली. गाइडने दोन्ही हात डोक्यावर ठेवून आपल्या सगळ्यांकडे पाठ फिरवली. त्याच्या उभ्या नोकरीत असा प्रकार झाला नसावा.

तुमच्यात शेवटच्या वाक्याला सगळे डोकी खाली घालून नमस्कार करतात. त्यामुळे त्या क्षणी डोकं वर असलेल्या आपण दोघीच होतो. तू, कारण गाऱ्हाणं घालणारा समोर बघतो. मी, कारण मी नमस्कार करत नाही. मी उडणाऱ्या बदकांच्या मागे दुर्बीण फिरवत होते. तू माझा हात ओढलास. "विजू, तो बघ!"

मी दुर्बीण खाली घेतली. पलीकडच्या काठाला गवत हलत होतं. एक रेघ पडावी तसं, पाण्यापासून आत झाडीकडे. मग ती रेघ झाडीत मिटली. मी पाहिलं ते एवढंच.

तुझं म्हणणं, तो पाणी पीत होता. आवाज झाल्यावर त्याने मान वर करून तुझ्याकडे बघितलं आणि मग घाई न करता उठून गेला. गाइड म्हणाला, वाघही असेल, डुक्करही असेल, इथे डुकरं पुष्कळ. गेट बंद होत होतं, जाऊन बघायची सोय नव्हती.

गेटपासून मुक्कामाला परत येताना आपण पुन्हा त्याच बांधावरून चाललो. उजेड होता थोडा. तू सगळ्यांना पुढे जाऊ दिलंस आणि मला थांबवलंस. तुझा चेहरा मी इतकी वर्षं बघत होते, तो तसा कधी झाला नव्हता.

"विजू, वर ऐकू गेलं. माझ्या गाऱ्हाण्याला वाघ आला. गणपतीत मी हे सांगितलं ना, तर घरात मीच गाऱ्हाणं घालीन. पण एकटीचं कोण ऐकतंय? तू फक्त म्हण, मी पण बघितला."

"मी गवत बघितलं."

"अगो, पण गवत हललं ना?"

"हललं."

"मग? आपोआप हललं?"

"डुक्कर असेल तरी हलतं."

मीच पुढे समजावत राहिले, की जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणं मला जमायचं नाही. पक्षी बघणारा माणूस एकदा असं बोलला की त्याच्या कशालाच अर्थ उरत नाही. तू म्हणालीस, "तुला कोण खोटं बोल म्हणतंय? तू गवत बघितलंस, मी गवत हलवणारा बघितला. दोन्ही मिळून एकच होतं की नाही?" मी नाही म्हटलं. मला तेव्हा ते बरोबर वाटत होतं आणि आजही तेच वाटतं.

लालबागला आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस आणि सगळे मला विचारू लागले. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. शेवटी तुमच्या चाळीत ती बोलायची पद्धतच झाली. नळाला पाणी आलं का, विचारलं की कुणीतरी म्हणायचं, गवत हललंय. तूही हसायचीस. गणपतीत राणे भाऊजीच गाऱ्हाणं घालत राहिले आणि तू दारात उभी राहून अडलेले शब्द पुरवत राहिलीस. मी दरवर्षी मोदकांना यायची आणि हे बघायची. आपण त्यावर पुन्हा बोललो नाही. खरं तर प्रत्येक भेटीत बोललो, फक्त वाघाचं नाव घेतलं नाही.

परळच्या इस्पितळात शेवटच्या भेटीत तू फार दमली होतीस. स्नेहल, तुझी सून, औषधं आणायला खाली गेली तेव्हा तू डोळे न उघडता विचारलंस, "विजू, गवत हललं ना?"

"हललं."

"मग बस," तू म्हणालीस. मी तुला चमच्याने पाणी दिलं. तुला आणखी काही हवं होतं का, ते मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. मला तुझी आठवण येते, पमा. हे तुझ्यासमोर मी बोलले नसते, तू त्याचं भांडवल केलं असतंस.

तर बाणगंगा. वाळकेश्वरचं ते तळं माझ्या घरापासून लांब नाही, म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोचले. महेश, स्नेहल, राणे भाऊजी, चाळीतली बरीच माणसं आली. गुरुजींनी विधी उरकले, काठावर पान मांडून पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. कावळे पुष्कळ होते. समोरच्या पत्र्यावर ओळीने बसले होते. एकही खाली येईना.

महेश हात जोडून सांगू लागला. आई, गावचं घर विकणार नाही. कावळे बसलेलेच. आई, ताईला दिवाळीला माहेरी आणीन. कावळे बसलेलेच. स्नेहलने काहीतरी मनातल्या मनात सांगितलं. काही नाही. तू म्हणाली होतीस तसं ताटकळत ठेवलंस सगळ्यांना.

मी म्हटलं, मागे सरा, तुम्ही फार जवळ उभे आहात. सगळे मागे सरले. तरी नाही. माझं शास्त्र तिथे संपलं. गुरुजी घड्याळाकडे बघू लागले. पलीकडे दुसरं कुटुंब खोळंबलं होतं. कावळा नाहीच आला तर दर्भाचा करून लावता येतो, असं ते महेशला समजावू लागले. महेशच्या तोंडावरचा रंग गेला. आईचं काही राहिलंय आणि ते आपल्याला माहीत नाही, हे त्याला सोसवेना.

राणे भाऊजी पुढे झाले. "वहिनीचा कायतरी मनात ऱ्हवलाहा. मी गाऱ्हाणा घालतंय." त्यांनी हात जोडले, बा देवा म्हाराजा म्हटलं, आणि अडले. या वेळी शब्द आठवत नव्हते म्हणून नव्हे. त्यांना रडू फुटलं होतं. ते मागे वळून बघू लागले. सवयीने. मागे तू नव्हतीस.

शब्द मला येत होते. आयुष्यभर डिक्टेशन घेतलेलं, एकदा कानावर पडलेलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी पुढचं वाक्य सांगितलं. ते त्यांना म्हणता येईना. त्यांनी मला हाताने पुढे बोलावलं.

पमा, मी गिरगावातली बाई. मला गाव नाही, देव नाही, मालवणी नाही. चाल तर नाहीच. पण मी उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तळ्याच्या राखणदारा..."

व्हय म्हाराजा. आवाज अगदी बारीक होता. सगळे चकित झाले असावेत.

"आज ही तुझी लेकरां लालबागसून तुझ्या दारात इलीहत..."

व्हय म्हाराजा.

"सकाळपासना वाट बघून दमली, पण तुझो कावळो काय इलो नाय..."

व्हय म्हाराजा! आता मोठ्याने.

"तर काय चुकला माकला आसात तर पदरात घे. आमच्या पमाचा काय मनात ऱ्हवला आसात, तर ता माझ्याकडे ऱ्हवांदे, नि तुझ्या कावळ्याक येकदा तरी घेवन ये रे म्हाराजा!"

ते मधलं वाक्य तुझं नाही. ते कुठून आलं मला माहीत नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. सगळ्यांनी मिळून अशी काही गर्जना केली की पत्र्यावरचे झाडून सगळे कावळे उडाले. तळ्यातली बदकं ओरडली, पलीकडच्या कुटुंबाने वळून पाहिलं, गुरुजींनी कपाळाला हात लावला. लालबागच्या माणसांना एवढ्या वर्षांत अक्कल आलेली नाही. सगळी डोकी खाली गेली होती. महेशचं, स्नेहलचं, राणे भाऊजींचं. गाऱ्हाणं घालणारा समोर बघतो, म्हणून मी समोर बघत होते. कावळ्यांचा काळा लोट आपल्या डोक्यावरून गेला. काही फार खालून गेले.

लोकांनी मान वर केली तेव्हा पत्रा रिकामा होता. कावळा कुठेच नव्हता. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"शिवलो?" राणे भाऊजींनी विचारलं.

महेश नुसता माझ्याकडे बघत राहिला. तू बांधावर मला थांबवून बघितलं होतंस तसंच.

"शिवला," मी म्हटलं.

"तुम्ही बघितलात?" महेशने विचारलं.

"बघितला."

महेश खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. स्नेहलने माझा हात घट्ट धरला. पायऱ्या चढून वर येताना ती म्हणाली, "विजूमावशी, मला हे शिकवाल? गणपतीत मी घालीन." मी म्हटलं, माझ्याकडे शब्द आहेत, चाल नाही. ती म्हणाली, चाल मला माहीत आहे, आई स्वयंपाकघरात गुणगुणायच्या.

राणे भाऊजी कठड्याला धरून दम घेत होते. ते चाळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईच्या गाऱ्हाण्याक कावळो इलो. माझ्या कधी इलो नसतो." मग माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं, "म्हणजे तेव्हाचो तो वाघ पण?"

"तो पमाने पाहिला होता," मी म्हटलं.

मी तुला खोटं सांगणार नाही. वारा होता, थोडासाच. पिंडाखालचं पान हललं. मी पाहिलं ते एवढंच. कशाने हललं, ते बघायचं काम तुझं होतं.